मदत हवी आहे: सीओ अटेनमेंट २.८ येतंय, पण मुलांना विषय आलाय का हे कसं मोजायचं?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यातल्या एका कला-वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. एसवायबीएचा वर्ग, मराठी माध्यम, पटावर ९६ मुलं. बरीचशी खेड, शिरूर, पुरंदरकडची. काही रोज एसटीने ये-जा करतात, काही कोथरूड-धायरीकडे खोल्या करून राहतात. प्रश्न थोडा लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितला तर उत्तरही अर्धवट मिळेल, म्हणून सगळं लिहिते.

नॅक, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी संस्था, तिच्या मूल्यांकनात विद्यार्थ्यांची कामगिरी आणि अध्ययन निष्पत्ती हेही बघितलं जातं. त्यासाठी प्रत्येक पेपरच्या सीओ, म्हणजे कोर्स आउटकम्स (पेपर शिकून मुलांना काय यायला हवं), लिहायच्या, त्या पीओंशी, म्हणजे संपूर्ण पदवीच्या निष्पत्तींशी, जोडायच्या आणि सेमिस्टर संपलं की अटेनमेंट, म्हणजे ते कितपत साधलं याचा आकडा, काढायचं. आमच्याकडे एक्सेलची शीट तयार आहे. ६० टक्के किंवा जास्त मार्क मिळवणारी मुलं किती, ते बघायचं. ती ५० टक्के असतील तर पातळी १, ६० टक्के असतील तर २, ७० टक्के असतील तर ३. इंटर्नलला ३० टक्के वजन, विद्यापीठाच्या परीक्षेला ७०. या थेट मापनाला ८० टक्के आणि मुलांकडून भरून घेतलेल्या सर्वेक्षणाला २० टक्के.

माझी तिसरी सीओ अशी आहे: ‘विद्यार्थी मागणीच्या लवचिकतेची संकल्पना वापरून शेतमालाच्या भावातले चढउतार स्पष्ट करतील.’ (लवचिकता म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते ते.) तिचं अटेनमेंट आलं २.८. विभागात सगळ्यांनी अभिनंदन केलं.

त्याच आठवड्यात जिन्यात एक मुलगा भेटला. वडिलांचा कांदा चाकणच्या बाजारात जातो. तोंड उतरलेलं होतं. म्हणाला, “मॅडम, या वर्षी पीक जोरात आलंय, पण घरात पैसा गेल्या वर्षीपेक्षा कमी आला.” मी विचारलं, का रे असं झालं असेल? म्हणाला, “आवक वाढली, भाव पडला.” बरोबर, पण माल जास्त विकला ना, मग एकूण पैसा कमी का? गप्प झाला. याच मुलाला लवचिकतेच्या प्रश्नात पाचपैकी पाच होते. व्याख्या, पाच प्रकार, आकृत्या, सगळं वहीतल्यासारखं. पेपरात आपण जे लिहिलं ते आपल्याच घरच्या कांद्याबद्दल होतं, हे त्याला कुठेही जाणवलं नव्हतं. मी शिकवलं होतं आणि मीच पाच मार्क दिले होते. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात कोरे कागद वाटले. दहा मिनिटं, मार्क नाहीत, नाव लिहायची गरज नाही. दोन प्रश्न. पहिला, मागणीची किंमत लवचिकता म्हणजे काय. दुसरा असा: एका शेतकऱ्याने गेल्या वर्षी १०० क्विंटल कांदा २००० रुपये क्विंटलने विकला. या वर्षी १५० क्विंटल ८०० रुपयांनी विकला. त्याचं उत्पन्न किती बदललं आणि का?

८८ मुलं हजर होती. व्याख्या ६१ जणांची बरोबर. दोन लाखांचे एक लाख वीस हजार झाले, हा हिशोबही बहुतेकांनी केला. ‘का’चं उत्तर मात्र फक्त १९ जणांना देता आलं. तास संपल्यावर एक मुलगी आपला कागद घेऊन पुढे आली. इंटर्नलला तिला याच विषयावर पाचपैकी दोन होते, कारण तिला प्रकारांची नावं आठवली नव्हती. कागदावर तिने लिहिलं होतं, “कांदा स्वस्त झाला म्हणून कोणी दुप्पट खात नाही. म्हणून भाव खूप पाडल्याशिवाय जास्तीचा माल खपत नाही.” माझी सीओ ती हीच.

आता माझे प्रश्न:

शीटमध्ये २.८ कुठून आलं? कुठे चुकतंय हे कोणी बघून सांगेल का? इंटर्नलमध्ये ‘कोणताही एक प्रश्न सोडवा’ असं होतं. तिसऱ्या सीओचा प्रश्न ३१ जणांनी सोडवला, त्यातल्या २५ जणांना ६० टक्क्यांच्या वर. विद्यापीठाच्या परीक्षेत वर्ग पातळी ३ वर. सर्वेक्षणात पातळी २.

दुसरं, निष्पत्ती खरोखर तपासणारा प्रश्न आणि त्याचं गुणदान कसं ठरवायचं?

आणि तिसरं, जे विचारायला अवघड जातंय. खरा आकडा कमी आला तर तो लिहावा का? सहकारी म्हणतात, “आकडा कमी दिसला की समितीपुढे उत्तरं द्यावी लागतील.” त्यांचा हेतू वाईट नाही. पण मला तो २.८ सहीनिशी द्यायला जड जातंय.

प्रतिसाद १

मॅडम, मी अभियांत्रिकीला शिकवतो. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे अभियांत्रिकी पदव्यांना देशोदेशी मान्यता देणाऱ्या कराराचा, पूर्ण सदस्य झाला तेव्हापासून आमच्याकडे एनबीएच्या, म्हणजे तांत्रिक अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या, निमित्ताने हेच चालू आहे, त्यामुळे या शीटा पाठ आहेत.

तुमची पहिली चूक छेदात आहे. शीटने २५ भागिले ३१ केलंय, म्हणजे ८१ टक्के, म्हणून पातळी ३. ज्यांनी प्रश्न निवडलाच नाही ती ६५ मुलं हिशोबातूनच गायब झाली. ज्याला येतं तोच तो प्रश्न निवडतो, त्यामुळे पर्यायी प्रश्नावर आकडा नेहमी फुगतो. पूर्ण पट धरला तर २५ भागिले ९६ म्हणजे २६ टक्के, पातळी शून्य. अर्थात ज्यांनी प्रश्न सोडला त्यांना तो येत नव्हता असंही म्हणता येत नाही. खरी गोष्ट ही की त्या पेपरवरून तिसऱ्या सीओबद्दल काहीच सांगता येत नाही. उपाय साधा आहे. पर्याय द्यायचाच तर दोन्ही प्रश्न एकाच सीओचे आणि एकाच काठिण्याचे ठेवा, नाहीतर प्रश्न सक्तीचा करा.

दुसरी चूक तुमच्या हातातली नाही. संलग्न कॉलेजांना विद्यापीठाकडून एकूण मार्क मिळतात, प्रश्नवार मिळत नाहीत. मग शीट काय करते? तोच एकूण आकडा पाचही सीओंना चिकटवते. इंटर्नलची पातळी शून्य केली तरी थेट मापन ०.७ गुणिले ३ म्हणजे २.१ राहतं, सर्वेक्षण मिळवून २.०८. म्हणजे ९६ पैकी एकालाही लवचिकता कळली नाही तरी तुमची तिसरी सीओ दोनच्या वरच दिसणार! स्वायत्त कॉलेजांना प्रश्नवार मार्क नोंदवता येतात, त्यांची ही अडचण सुटते. तुम्ही एवढं करा: विद्यापीठाचा आकडा शीटमध्ये राहू द्या, पण शेजारी एक रकाना वाढवून फक्त सीओवार तपासलेला आकडा लिहा.

आणखी एक. ७० टक्के मुलं रेषेवर गेली की पातळी ३ होते, उरलेल्या ३० टक्क्यांचं काय झालं ते हे सूत्र बघतच नाही. तुमच्या वर्गात ती २८-२९ मुलं होतात.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल: लिहा. पातळ्या आणि लक्ष्य कॉलेजनेच ठरवायचे असतात. एनबीएच्या स्वयंमूल्यमापन अहवालात सतत सुधारणेचा वेगळा निकषच आहे. कमी कुठे पडलो आणि त्यावर काय केलं, हे तिथे लिहायचं असतं. सगळीकडे तीन लिहिणाऱ्याकडे त्या रकान्यात लिहायला काही उरत नाही.

प्रतिसाद २

ताई, मी निवृत्त आहे, तीस वर्षं पेपर तपासले. तुमचा कांद्याचा प्रश्न उत्तम आहे. पण तो पुढच्या परीक्षेत तसाच घालू नका, पंधरा दिवसांत त्याचंही तयार उत्तर फिरायला लागेल. निष्पत्ती तपासायची तर मुलांनी वर्गात न पाहिलेलं उदाहरण हवं. पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बसच्या, तिकिटाचा दर वाढवला तर उत्पन्न वाढेल की घटेल, हे विचारा. दुचाकी असलेला काय करेल, नसलेला काय करेल, इथपर्यंत जो पोचला त्याला लवचिकता समजली.

शिकण्याच्या पायऱ्यांची ब्लूमची वर्गवारी १९५६ ची, २००१ मध्ये ती सुधारली. आठवणे, समजणे, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती अशा तिच्या पायऱ्या. तुमच्या सीओत ‘वापरून स्पष्ट करतील’ आहे, म्हणजे पायरी उपयोजनाची. प्रश्न मात्र ‘व्याख्या द्या, प्रकार लिहा’, म्हणजे आठवण्याचा. लिहिलं एक आणि तपासलं दुसरंच. हे फार ठिकाणी होतं, तुम्ही एकट्या नाही.

गुणदान आधी ठरवा, पेपर हातात घेण्यापूर्वी. मी असं करीन. नुसती व्याख्या असेल तर शून्य. ‘आवक वाढली, भाव पडला’ एवढंच असेल तर एक. भाव उतरला तरी लोक त्या प्रमाणात जास्त घेत नाहीत, हे लिहिलं तर दोन. आणि विक्री ५० टक्क्यांनी वाढली पण भाव ६० टक्क्यांनी उतरला, म्हणून उत्पन्न घटलं, अशी जोड लावली तर तीन. शब्द पुस्तकी नसले तरी चालतील. तुमच्या त्या मुलीला मी दोन दिले असते, आणि एक ओळ पुढे लिही म्हणून पेपर परत हातात दिला असता.

दहा-बारा पेपर दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या, तुमचे मार्क न दाखवता. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर गुणदानाची वाक्यं ढिली आहेत असं समजा, ती दुरुस्त करा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा माझ्या आणि सहकाऱ्याच्या मार्कांत एवढी तफावत निघाली की त्या रात्री बसून सगळी वाक्यं नव्याने लिहिली.

प्रतिसाद ३

वरचं सगळं पटतं. पण मी तासिका तत्त्वावर दोन कॉलेजांत शिकवते. मला तासाचे पैसे मिळतात, पेपर तपासण्याचे नाहीत. पाच विषय, प्रत्येकी पाच सीओ, शंभरेक मुलं. हे मी कधी करू? ज्यांना वेळ मिळत नाही ते शीट भरून टाकतात, त्यांना खोटारडे म्हणू नका एवढीच विनंती.

मी स्वतःपुरता एक मार्ग काढलाय. सेमिस्टरला एकच सीओ धरते, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. प्रश्न सगळ्यांना देते, पण बारकाईने दर चौथा पेपर वाचते. तुमच्या ९६ मध्ये ते २४ होतील, एका दुपारचं काम. फक्त पेपर निवडताना हजेरीपटावरून मोजा, वरचे दिसतील ते उचलू नका. वर नेहमी हुशार मुलांचे येतात, कारण तीच आधी आणून देतात.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. सर, छेदाची गोष्ट वाचून मी शीट उघडून बसले, तुम्ही म्हणालात तेच सूत्र निघालं. काका, गुणदानाच्या चार ओळी तशाच्या तशा घेते, चालेल ना? आणि ताई, तुमचं बरोबर आहे. मी कायमस्वरूपी आहे म्हणून मला हे परवडतं, हे लिहिताना माझ्या लक्षात यायला हवं होतं. दर चौथ्या पेपरची पद्धत मी विभागात मांडणार आहे, म्हणजे तासिकेवरच्या दोघींवर भार पडणार नाही.

आज विभागप्रमुखांशी बोलले. २.८ शीटमध्ये राहील, शेजारी नवा रकाना येईल, त्यात ‘८८ पैकी १९’ असं लिहायचं आणि खाली पुढे काय करणार ते. त्यांनी थोडा विचार केला आणि हो म्हणाले. पुढचे दोन तास मी व्याख्येला हात न लावता फक्त बाजारभावांवर घेणार आहे. त्या मुलाला वडिलांकडून या वर्षीच्या आणि गेल्या वर्षीच्या पट्ट्या आणायला सांगितल्यात. वजन, दर, हमाली, तोलाई सगळं असतं त्यावर. वर्ग त्याच हिशोबाने सुरू करू. त्यानंतर पीएमपीचा प्रश्न सक्तीचा.

आता एकच मदत हवी. २४ पेपर असतील, प्रत्येकी एक पान, मराठीत. विभागात सगळे मला आणि माझ्या मुलांना ओळखतात, म्हणून दुसरा तपासनीस बाहेरचा हवा. पुण्यात अर्थशास्त्र शिकवणारं किंवा शिकवलेलं कोणी एक दुपार देऊ शकेल का? नावं झाकून, क्रमांक घालून मी स्वतः पेपर आणून देईन. जमत असेल तर इथेच निरोप ठेवा.