क्रॉलर क्रेनच्या १:५० मॉडेलमध्ये मागचा बॅलास्ट ट्रे टेकलेला असावा की अधांतरी?

जाळीबूम (प्रश्न)

नमस्कार मंडळी. महाकाय क्रॉलर क्रेनची, म्हणजे रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणाऱ्या क्रेनची, छायाचित्रे मी अनेक वर्षे जमवत आलो आहे. आता लीबहेर एलआर १३००० या ३,००० टनी क्रेनचे १:५० प्रमाणातील धातूचे मॉडेल जोडायला घेतले आहे. बूम (भार उचलणारा लांब हात) आणि त्यामागचा डेरिक मास्ट (बूमला मागून धरणारा खांब) उभा राहिला, पण डेरिकच्या टोकापासून मागे लोंबणाऱ्या बॅलास्ट ट्रेपाशी (तोल साधणाऱ्या वजनांच्या तबकापाशी) मी अडलो आहे. काही छायाचित्रांत प्लेटांच्या चळतींनी लादलेला हा ट्रे जमिनीपासून थोडासा वर तरंगताना दिसतो, तर काहींत तो जमिनीवर बसलेला असतो. माझ्या मॉडेलच्या हूकला काहीही टांगलेले नाही, तर यांपैकी कोणती मांडणी खरी म्हणायची? शिवाय हूक ब्लॉक (हूक आणि त्यावरच्या कप्प्यांचा संच) इतका हलका आहे की ओवलेले दोर ताठ न राहता वळ्या घेतात. त्यावर उपाय असल्यास कृपया सांगावा.

टेकू_आणि_तरफ

हूक रिकामा असेल, तर ट्रे जमिनीवरच असायला हवा. क्रेन ही एक तरफ आहे आणि तिचा टेकू पुढच्या बाजूला, पट्ट्यांच्या कडेपाशी असतो. समजा, ५०० टनांचा भार टेकूपासून ३० मीटर पुढे आहे आणि ट्रे २० मीटर मागे आहे. यंत्राचे आणि बूमचे स्वतःचे वजन क्षणभर बाजूला ठेवले, तर तोल साधायला मागे ७५० टन हवेत. भार नसताना तेच ७५० टन अधांतरी टांगले, तर क्रेन मागे उलटेल. म्हणून ट्रे आधी जमिनीवर विसावतो आणि हूकवर भार येऊ लागला की त्याचे वजन जमिनीवरून हळूहळू डेरिकच्या टायांवर (ताण पेलणाऱ्या बंधांवर) सरकत जाते. ट्रे पूर्ण सुटल्याशिवाय क्रेनला भार घेऊन फिरता येत नाही, कारण टेकलेला ट्रे तिला जागीच धरून ठेवतो. भार हलका असेल, तर प्लेटा कमी कराव्या लागतात किंवा ट्रे जवळ घ्यावा लागतो. ट्रेखाली दिसणारी ती अरुंद फट मला या यंत्रातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते, कारण हजारो टनांचा तोल त्या क्षणी जुळलेला आहे हे केवळ तिच्यावरून कळते.

डेरिक फक्त बॅलास्ट टांगण्यासाठी असतो, असा समज अनेकदा आढळतो आणि तो अपुरा आहे. बूमला मागून धरणाऱ्या टाया डेरिकमुळे बूमशी मोठा कोन करतात. तोच भार त्यामुळे कमी ताणात पेलला जातो आणि बूमवरचा दाबही उतरतो. बूम मुख्यतः लांबीच्या दिशेने दाबला जाणारा खांब आहे, म्हणूनच तो पोकळ नळ्यांच्या जाळीचा करता येतो.

घनफळ

दोरांविषयी लिहितो. १:५० मॉडेलमध्ये लांबी ५० पट घटते, पण वजन ५० गुणिले ५० गुणिले ५०, म्हणजे १,२५,००० पट घटायला हवे. या हिशोबाने २० टनांचा हूक ब्लॉक १६० ग्रॅमचा व्हायला हवा, आणि मॉडेलमधले ब्लॉक सहसा याहून बरेच हलके असतात. शिवाय कप्प्यांमधले घर्षण त्याच प्रमाणात कमी होत नाही, त्यामुळे दोर ढिले पडतात. ब्लॉकच्या पोकळीत शिशाचे तुकडे बसवावेत, आणि सुती दोऱ्याऐवजी मासेमारीचा विणलेला दोर मेण लावून ओवावा. त्याला लव नसते आणि पीळही कमी पडतो, त्यामुळे ब्लॉक स्वतःभोवती फिरत नाही. ओवताना मात्र घाई करू नये. एक कप्पी चुकली तर सगळे उसवावे लागते.

लांबपल्ला

ट्रेविषयीचे टेकू_आणि_तरफ यांचे उत्तर बरोबर आहे, पण ते सर्व क्रेनना सरसकट लागू करू नये. मॅनिटोवॉक ३१००० या क्रॉलर क्रेनमध्ये प्रतिभार (तोल साधणारे मागचे वजन) जमिनीला टेकतच नाही. भारानुसार तो यंत्रावरच मागेपुढे सरकतो. आणि एलआर १३००० तर लटकत्या बॅलास्टशिवायही काम करू शकते. प्रश्नकर्त्याच्या मॉडेलला म्हणून तिसरी मांडणीही शोभेल: ट्रे न लावता फक्त फिरत्या मंचावरचा प्रतिभार ठेवायचा. माझा कल मात्र ट्रेकडेच आहे. बूम पूर्ण लांबीचा लावणार असाल, तर आधी छताची उंची मोजा, कारण १०० मीटरचा बूम या प्रमाणात २ मीटर भरतो.

जाळीबूम

सर्वांचे मनापासून आभार. ब्लॉकमध्ये शिसे भरून वजन १६० ग्रॅमवर आणले आणि दोर नव्याने ओवले. ते आता ताठ उभे आहेत. ट्रे टेकवून त्याखाली कागदाची पट्टी सरकवली, डेरिकला मागून धरणारा दोर किंचित सैल केला आणि हूकला शिशाच्या गोळ्यांची पिशवी बांधून एकेक गोळी टाकत गेलो. बराच वेळ पट्टी घट्ट होती, मग ती थोडी हलू लागली, आणि एका गोळीनंतर अलगद बाहेर आली. मॉडेल मी तसेच ठेवले आहे.