'बनगरवाडी' पुन्हा वाचली. ही कादंबरी आहे का?

रानवारा: सांगलीला एसटीने जाता-येता संपवली. कॉलेजात वाचली तेव्हा भारावलो होतो, या वेळी कुरकुर सुरू झाली. व्यंकटेश माडगूळकरांची ही १९५५ सालची कादंबरी. तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर येतो, शाळा भरवतो, दुष्काळ पडतो, वाडी उठते. मधे एकेक माणूस येतो नि जातो. मला तर हा त्यांच्या 'माणदेशी माणसं' या व्यक्तिचित्रांच्या पुस्तकाचाच पुढचा भाग वाटला, मास्तर नावाच्या दोऱ्यात ओवलेला. त्या मास्तरला स्वतःला काही हवंय का? शब्दचित्रं म्हणून अप्रतिम, पण कादंबरी म्हणू नका. हाणा आता.

पायरीवरची: साफ असहमत. वाडीतल्या शेकूकडे एकच बैल, म्हणून त्याची बायको दुसऱ्या बैलाच्या जागी जुवाला खांदा देते. नुसतं शब्दचित्र असतं तर लेखकाने इथे आपल्याकडून हळहळ वसूल करून घेतली असती. तो तसं करत नाही. आणि दुष्काळ काही शेवटी चिकटवलेला नाही. पाऊस हुकला की चारा नाही, चारा नाही की मेंढरं नाहीत, मग धनगर थांबेल कशाला? वाडीच नायक आहे हो.

रानवारा: "वाडीच नायक" हे दर परीक्षणात वाचलंय. नवीन काही बोला.

अर्धाकप: एका दुपारीत संपते म्हणून सगळ्यांना आवडते, हे कुणी बोलत नाही. माझ्या उशाशी सातशे पानी ऐतिहासिक पडलीय, शंभराव्या पानावर अजून दरबारच भरलाय.

निवृत्त गुरुजी: मी खटाव तालुक्यात बारा वर्षं एकशिक्षकी शाळेवर होतो. मास्तरला काय हवं असतं विचारता? पहिलं वर्षभर पोरं शाळेत यावीत, एवढंच. पोरगं मेंढरांमागे गेलं की पट रिकामा. अंजी चोळी शिवून आणायला सांगते, मास्तर भोळेपणाने आणतो, आणि तिचा बाप, कारभारी, बिथरतो. ती पानं वाचताना मला आजही घाम फुटतो. असली कामं अंगावर घ्यायची नाहीत, हे डी.एड.ला कुणी शिकवत नाही.
आणि कथानक हवं असेल तर तालीम बघा. कल्पना मास्तरची, बांधली वाडीने, उद्घाटनाला खुद्द राजेसाहेब. सूर्यनमस्कारांसाठी प्रसिद्ध असलेल्या औंध संस्थानच्या मुलखात तालीम म्हणजे केवढी मोठी गोष्ट! आणि मग दुष्काळात वाडीच ओस. आता घुमणार कोण तिथे?

रानवारा: गुरुजी, तालीम मान्य. हे माझ्या नजरेतून सुटलंच होतं. मास्तरबद्दल मात्र अजून नाही. तो सगळं बघतो, पण स्वतःचं काही पणाला लावत नाही.

पायरीवरची: तालीम पणाला लावली की! पुन्हा वाचा.

रानवारा: पुस्तक सध्या आईने पळवलंय. ती म्हणते, शेवट कुणी सांगू नका. आणि मी तर वरच सांगून बसलोय.