रतनगड ते हरिश्चंद्रगड, ४ दिवस : सॅक १४ किलो झालीय, काय काढू?

डिसेंबरात आम्ही चौघं रतनवाडीतून रतनगड, मग कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड करून टोलारखिंडीतून खिरेश्वरला उतरणारोत. आत्तापर्यंत एका मुक्कामाचेच ट्रेक केलेत. काल सॅक पाठीला लावून काट्यावर उभा राहिलो, माझं वजन वजा केलं तर १४ किलो, तेही पाण्याशिवाय! तंबू, स्लीपिंग बॅग, ४ टीशर्ट, २ ट्रॅकपँट, १ जीन्स, स्वेटर, जॅकेट, स्टोव्ह, पातेली, तांदूळ-डाळ, मोठी पॉवरबँक. सगळंच लागेल असं वाटतंय.

घाटवाट्या : जीन्स?? घामाने भिजली की जड होते आणि थंडीत वाळत पण नाही, आधी ती काढ. कपड्यांचे दोनच जोड, एक चालायचा आणि एक झोपायचा, झोपायचा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवायचा आणि काहीही झालं तरी दिवसा त्याला हात लावायचा नाही. सकाळी कालचा घामट, गार टीशर्ट चढवताना शिव्या येतात पण पाच मिनिटं चाललं की अंग तापतं. मोजे मात्र एक जोडी जास्तच घे.

भाकरपिठलं : तांदूळ-डाळ कशाला रे वाहतोयस, वाटेवर गावं आहेत ना! कुमशेत, पाचनईला घरगुती जेवण मिळतं, फक्त आधी फोन करून सांगायचं आणि पैशांवरून घासाघीस करायची नाही. ठेपले, कोरडी चटणी, गूळ-शेंगदाणे एवढं दिवसाचं भागवतं. स्टोव्ह चहापुरता चौघांत एक, तो मी तरी सोडणार नाही, कोकणकड्यावर संध्याकाळी चहा नसेल तर गेलात कशाला :) आणि औषधं, दोरी, चाकू हे पण चौघांत एकेकच. आमच्या एका ट्रेकला सहा जणांकडे मिळून सहा टूथपेस्ट निघाल्या होत्या, त्याही मोठ्या.

जुना_भटक्या : वरचं सगळं पटलं, पण हलकं करायच्या नादात पाण्याला कात्री लावू नका. कात्राबाईच्या चढाला डिसेंबरात पाणी मिळेलच असं धरून चालायचं नाही, माणशी ३ लिटर भरून निघा, म्हणजे ३ किलो तिथेच आले, म्हणून बाकीचं कमी हवं. तंबू दोघांत एक, एकाकडे कापड आणि दुसऱ्याकडे काठ्या. जड सामान पाठीला चिकटून, नाहीतर रतनगडाच्या शिडीवर सॅक मागे खेचते. शिडीखाली सॅक ठेवून जाणार असाल तर एकाला राखणीला बसवा, माकडं चेन उघडतात.

विचारणारा : जीन्स, डाळ-तांदूळ, २ टीशर्ट, एक पातेलं गेलं, तंबू वाटून घेतला. आता ९ किलो! स्वेटर पण काढला होता, पण आईने परत आत घातला, सोबत डिंकाच्या लाडवांचा डबा. स्टीलचा.

भाकरपिठलं : लाडू राहू देत, डबा काढ.