चर्चा धागा: ‘एकटा’ म्हणायचं, आणि विमानातनं पीठ मागवायचं?

रंकाळावेस: रिचर्ड प्रोनेकी या अमेरिकन माणसावरचा माहितीपट बघितला. पन्नाशी ओलांडल्यावर, १९६८ मध्ये हा गडी अलास्कातल्या ट्विन लेक्सकाठी गेला, ओंडक्यांची केबिन बांधली आणि पुढची जवळपास तीस वर्षं तिथंच काढली. चित्रणही स्वतःच केलं. ‘एकटा राहिला’ म्हणून ग्रुपवर सगळे भारावलेत. पण बेब ऑल्सवर्थ नावाचा वैमानिक त्याला टपाल, धान्य पोचवत होता. मग एकटा कसला?

पटाशीवाला: भावा, तू बघितलास काय, नुसता ऐकलास? हत्यारांची नुसती पाती नेली होती त्यानं. दांडे तिथं तासले. दाराच्या बिजागऱ्यासुद्धा लाकडाच्या! आमच्या धंद्यातल्या माणसाला विचार, ओंडक्यांत खाच घट्ट बसवणं म्हणजे काय असतं. विमानवाला पीठ देत होता, बिजागऱ्या नाही.

रंकाळावेस: कौशल्य मान्य. पण तो लांब चालत जाताना दिसतो तेव्हा कॅमेरा तिकाटण्यावर मागंच उभा असतो. म्हणजे परत येऊन उचलायचा. नाटकच की.

पटाशीवाला: मग दुप्पट चालला म्हण की!

दाजीपूरची_वाट: दोघंही मुद्दा सोडून बोलताय. ते ओसाड रान नव्हतंच. डेनाइना हे तिथले मूळ रहिवासी, ते त्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. पडद्यावर मात्र एकच म्हातारा. आपल्याकडं काय वेगळं? चांदोलीतली गावं अभयारण्यासाठी उठवली आणि आता आपण तिथं ‘अस्पर्श निसर्ग’ बघायला जातो. धनगरवाड्यातला म्हातारा गव्याची चाहूल लागली की वाट सोडतो. त्याला कोण निसर्गअभ्यासक म्हणत नाही.

पटाशीवाला: ते बरोबर हाय. पण त्यात प्रोनेकीचा काय दोष? त्यानं तापमान, बर्फ, जनावरं, सगळ्याच्या नोंदी ठेवल्या. पुढं तिथं लेक क्लार्क राष्ट्रीय उद्यान झालं, तेव्हा त्या कामाला आल्या. आपली पोरं दाजीपूरच्या जंगलात जाऊन रील करून येतात, गवा दिसला की गाडीतनं उतरतात. त्यांच्यापेक्षा हा बाबा लाख पटीनं बरा.

दाजीपूरची_वाट: नोंदी आपले वनरक्षक आणि वनमजूरपण ठेवतात, काका. भर पावसात, चिखलात, जळवा तुडवत. त्यांच्यावर काढा माहितीपट, पहिलं तिकीट माझं.

रंकाळावेस: काढ तिकीट. विमानाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.