कॅसेटवरचा दशावतार, फोन आणि लॅपटॉप: क्लाउडवर काय ठेवायचं?

कलमाखाली (वेंगुर्ला तालुका)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबडा आहे. पण थोडक्यात विचारलं की "चांगलं क्लाउड घ्या" एवढंच उत्तर येतं, म्हणून सगळं सांगते.

घरात तीन यंत्रं. माझा अँड्रॉइड फोन, काजू-आंब्याचा हिशेब असलेला विंडोज लॅपटॉप आणि सासऱ्यांचा टॅब. सासरे आयुष्यभर दशावतारात पेटी वाजवायचे. जत्रेत टेपरेकॉर्डर रंगमंचाच्या कडेला ठेवून त्यांनी नाटकं टेप केलीत, साठेक कॅसेटी. पावसाळ्यात फितीला बुरशी धरायला लागली तेव्हा मुलाने त्या सगळ्या वॅव (आवाजाच्या) फायलींत उतरवून दिल्या. अलीकडच्या जत्रांचे व्हिडिओ मी घेते. मिळून दोनशे जीबीच्या वर माल आहे आणि तो सगळा लॅपटॉपच्या पोटात आहे.

दशावतारात लिहिलेली संहिता नसते, संवाद जागेवर सुचतात. तेच आख्यान पुढच्या गावच्या जत्रेत वेगळं होतं. एका कॅसेटवर राजा दरबारात गर्जतोय आणि मागे खाजेवाला गिऱ्हाइकाशी भावावरून हुज्जत घालतोय. पुढे पेटीचा भाता दम सोडतो आणि सासऱ्यांनी हळूच हासडलेली शिवी स्वच्छ ऐकू येते. ती जागा सासूबाईंना पाठ आहे, आली की त्या उठून आवाज कमी करतात. हे परत कुठून आणणार?

आता अडचण. फोन आणि टॅब एकाच खात्यावर आहेत. मे महिन्यात भाचा आला, त्याला टॅबवर गेम टाकायला जागा हवी होती, त्याने फोटो पुसले. माझ्या फोनवरूनही गेले! बिनमध्ये, म्हणजे पुसलेल्यांच्या कचरापेटीत, सापडले म्हणून बरं. पण मी समजत होते की "बॅकअप चालू आहे" म्हणजे आपण निर्धास्त. मग हा बॅकअप कसला?

घरी फायबर आहे. उतरवायला वेग बरा, चढवायला रात्री ४ एमबीपीएस मिळाला तर नशीब. लाईटचं तर विचारूच नका. आणि पैसे घालायला हरकत नाही, पण दर महिन्याला भरत बसायचं म्हटलं की ह्यांच्या कपाळाला आठी.

दुरुस्तीवाला (रत्नागिरी)

ताई, तुम्ही प्रश्नातच उत्तर लिहिलंत. तुमच्याकडे होतं ते सिंक, बॅकअप नव्हे. सिंकचं काम सगळीकडे एकसारखं ठेवणं. तुम्ही एका ठिकाणी पुसलंत की ते इमानेइतबारे दुसरीकडेही पुसणार. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो पुसला तर तो बिनमध्ये ६० दिवस राहतो, ड्राइव्हच्या बिनमधली फाईल ३० दिवस. भाचा मे महिन्यात आला आणि तुम्हाला गणपतीत कळलं असतं तर कोणी काही करू शकलं नसतं.

पहिलं काम फुकटातलं: भाच्यासाठी टॅबवर वेगळं खातं. तुमचं खातं त्यावरून काढून टाका. सासऱ्यांना फक्त ऐकायचं आहे ना? मग फायली टॅबवरच कॉपी करून द्या, नेट नसलं तरी वाजतील.

दुसरं, गूगलची फुकटची जागा १५ जीबी आणि ती मेल, ड्राइव्ह, फोटोज तिघांत वाटून. १ जून २०२१ पर्यंत कमी दर्जाचे फोटो त्यात मोजत नसत, आता सगळं मोजतात. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्याच जागेत धरतात. जागा भरली की मेल यायचे थांबतात. तेव्हा व्हॉट्सॲपच्या बॅकअप सेटिंगमधून "व्हिडिओ समाविष्ट करा" आजच बंद करा. सुप्रभातचे व्हिडिओ जपून कोणाचं भलं झालंय?

दोनशे जीबी क्लाउडवर चढवायचा विचार तूर्त सोडा. ४ एमबीपीएसने २०० जीबी म्हणजे अखंड ११० तासांच्या वर. रात्री पाच तास धरले तरी तीन आठवडे, तेही लाईट गेली नाही तर.

पखवाज९० (कणकवली)

सगळं यूट्यूबवर खाजगी करून टाका ना. जागेचा प्रश्नच नाही, पैसेही नाहीत. आमच्या भजनी मंडळाचं आम्ही तसंच ठेवलंय.

कलमाखाली

@पखवाज९० ऐकायला-बघायला ठीक आहे. पण यूट्यूब स्वतःचं रूपांतर करून दाखवतं, मूळ फाईल जशीच्या तशी ठेवायची ती जागा नाही. चढवायचा वेग तर तोच चार. शिवाय नाटक मंडळीचं आहे, त्यांना न विचारता माझ्या खात्यावर घालायला मन घेत नाही, खाजगी असलं तरी.

@दुरुस्तीवाला, टॅबचं आजच केलं. भाच्याचं खातं आलं तशी त्याची गेमची यादीही आली. पण मग मोठ्या मालाचं काय करू? पेनड्राइव्हवर माझा भरवसा नाही.

चाकरमानी (डोंबिवली)

वयनी, ह्यां सोपां असा. क्लाउड आमीच!

मस्करी नाही. आमच्याकडे आईवडिलांच्या जमिनीचे कागद, लग्नाचे व्हिडिओ, सगळं दोन हार्डडिस्कवर आहे. एक गावात, एक माझ्या डोंबिवलीच्या कपाटात. गणपतीला येताना माझी डिस्क बॅगेत घालून आणतो, नवीन माल भरतो, परत कोकणकन्येने घेऊन जातो. शिमग्याला आलो तर तेव्हाही. दोनशे जीबी एका रात्रीत शेकडो किलोमीटर लांब जातात, कुठला फायबर एवढा वेग देईल सांगा.

तौक्ते चक्रीवादळ आठवा, मे २०२१. किनाऱ्यावरच्या गावांत लाईट नाही, टॉवर बंद. क्लाउडवर असलेलं असून नसल्यासारखं. आणि त्याच जुलैत चिपळूणला पुराचं पाणी शिरलं तेव्हा ज्यांच्या दोन्ही प्रती एकाच घरात होत्या त्यांचं काय झालं असेल? म्हणून एक घरात, एक लांब. तुमचा कोणीतरी मुंबई-पुण्याला असेलच की.

दुरुस्तीवाला (रत्नागिरी)

चाकरमानी भाऊंची पद्धत शंभर टक्के पटली. फक्त त्यात दोन गोष्टी घालतो, कारण दुकानात येणाऱ्या डिस्का मी बघतो.

आपल्याकडची हवा खारी आणि दमट. उघड्या खणात ठेवलेल्या डिस्कच्या यूएसबी खोबणीत दोन पावसाळ्यांत हिरवट थर दिसतो. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. पुड्या रंग बदलणाऱ्या घ्या, म्हणजे कधी बदलायच्या ते कळतं. सहा महिन्यांनी एकदा बाहेर काढून चालवा.

आणि डिस्क लॅपटॉपला कायमची लावून ठेवू नका. वळवाच्या पावसात वीज कडाडली की चार्जरमधून जो झटका येतो तो लॅपटॉप आणि डिस्क दोघांना एकदम घेऊन जातो. लोक म्हणतात फायबरमधून वीज येत नाही. काचेच्या धाग्यातून येत नाही हे खरं, पण राउटरचा अडॅप्टर भिंतीतच असतो ना. कॉपी केली, डिस्क काढली, डब्यात.

आता क्लाउड. तुमचा सगळा माल सारख्या मोलाचा नाही. ९० मिनिटांची कॅसेट वॅवमध्ये, सीडीच्या दर्जाने, साधारण ९५० एमबी होते. साठ कॅसेटी म्हणजे ५७ जीबीच्या आसपास. त्या फ्लॅकमध्ये बदला. आवाजाचा कणही जात नाही, हवं तेव्हा पुन्हा जशीच्या तशी वॅव करता येते, आणि जागा निम्म्याच्या आसपास लागते. कॅसेटची खरखर जास्त असेल तर थोडी कमी वाचेल. म्हणजे तीस-पस्तीस जीबी. गूगलचा शंभर जीबीचा प्लॅन घेतलात तर त्यात हे मावून उरतं. महिन्याला भरायचं नसेल तर वर्षाचे एकदम भरा, आठी एकदाच पडेल. चढवायला चारेक रात्री. व्हिडिओ डिस्कांवरच राहू देत, मूळ कॅसेटीही टाकू नका.

सासऱ्यांच्या टॅबसाठी मात्र एमपी३ करा. १२८ केबीपीएसला तीच कॅसेट ८६ एमबीत बसते. साठ कॅसेटी पाच-सहा जीबीत.

कलमाखाली

हे मला सुचलंच नसतं. मी सगळं एकाच गोणीत भरत होते, हापूस आणि रायवळ.

फ्लॅकचं मुलाला सांगितलं, तो म्हणाला "आई, मी तेव्हाच विचारलं होतं." विचारलं असेल. मुलं जेवताना मोबाईलकडे बघत विचारतात, ते विचारणं धरायचं का?

आता हिशेबाची फाईल. लॅपटॉपवर वनड्राइव्ह आपोआप चालू झालेलं दिसतंय, डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स त्यातच आहेत. काही फायलींपुढे ढगाचं चित्र. परवा नेट नव्हतं आणि वाशीच्या दलालाचा हिशेब उघडेचना. तो फोनवर, मी लॅपटॉपपुढे, आणि पेट्यांचा आकडा ढगात. हे काय प्रकरण?

दुरुस्तीवाला (रत्नागिरी)

ढगाचं चित्र म्हणजे फाईल तुमच्या लॅपटॉपवर नाहीच, नुसतं नाव आहे. उघडलीत की नेटवरून उतरते. जागा वाचवायला ही सोय, पण जिथे नेट मर्जीचं तिथे ती गैरसोय. हिशेबाच्या फोल्डरवर उजवी टिचकी मारा आणि "नेहमी या डिव्हाइसवर ठेवा" निवडा. पूर्ण भरलेलं हिरवं वर्तुळ आलं की फाईल घरात आहे असं समजा. डिस्कवर कॉपी करायच्या आधी हे नक्की बघा, नाहीतर कॉपी करताना एकेक फाईल नेटवरून ओढत बसेल.

वनड्राइव्ह फुकटात ५ जीबी देतं, हिशेबाला ते पुष्कळ. फक्त कॅसेटी किंवा व्हिडिओ चुकूनही डॉक्युमेंट्समध्ये ठेवू नका, पाच जीबी कधीच भरेल आणि हिशेबाचं सिंकही अडेल. सी ड्राइव्हवर वेगळं फोल्डर करा. हिशेब फोनवर आणि लॅपटॉपवर एकाच वेळी उघडून बदलू नका, विशेषतः नेट नसताना, नाहीतर एकाच फाईलच्या दोन निघतील आणि दलाल म्हणेल त्यातली त्याच्या सोयीची खरी.

चाकरमानी (डोंबिवली)

एक राहिलं. खात्याला टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक पडताळणी) लावलंय ना? माझ्या चुलतभावाचा फोन निवतीच्या खडपावरून समुद्रात गेला. सिम त्यातच, ओटीपी त्यातच. नवीन सिम हातात येईपर्यंत क्लाउडवर सगळं सुरक्षित, फक्त तो स्वतःच बाहेर. गूगल दहा बॅकअप कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर छापून एक प्रत घरात, एक तुमच्या मुलाकडे.

पखवाज९०

मी माझा यूट्यूबचा सल्ला मागे घेतो. आमच्या भजनांच्या मूळ फायली कोणाकडे आहेत ते आता विचारतोय, ग्रुपवर शांतता आहे.

दुरुस्तीवाला

@पखवाज९० बुवांच्या जुन्या फोनमध्ये असतील. तो फोन रिसेट करून विकण्याआधी गाठा.

ताई, शेवटचं काम. सगळं चढवून झालं की मुलाला पुण्यात किंवा जिथे असेल तिथे एक फ्लॅक उतरवून पूर्ण ऐकायला सांगा. डिस्कवरचीही एक. नुसतं फाईलचं नाव दिसतं म्हणून ती चालते असं नाही.

कलमाखाली

मुलगा पुण्यातच आहे. त्याला फोल्डर फक्त बघण्यापुरतं शेअर करते, बदलायचा अधिकार नाही, भाच्याचा धडा आहे. दुसरी डिस्क तो गणपतीला येईल तेव्हा घेऊन जाईल. कोड छापून झाले, ते सासूबाईंच्या पोथीच्या कपाटात, तिथे कोणी हात घालत नाही.

फायलींना नावं काय द्यावीत? आत्ता "ट्रॅक १", "ट्रॅक १ नवीन", "ट्रॅक १ नवीन खरा" अशी आहेत. देवनागरी नावं चालतात का?

दुरुस्तीवाला

चालतात. आधी वर्ष, मग महिना, मग गाव, मग आख्यान, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात. १९९२-११ असं. महिना नेहमी दोन आकडी, आकडे सगळीकडे एकाच लिपीत. तिरकी रेघ, प्रश्नचिन्ह, विसर्गासारखे दोन टिंब नावात घालू नका, विंडोज घेत नाही. गाव आणि साल सासऱ्यांना विचारूनच लिहा. कॅसेटीच्या कव्हरवरची शाई उडाली असेल, पण कुठल्या जत्रेत कोणती पेटी वाजवली ते ते आवाजावरून सांगतील.

कलमाखाली

सांगतायत. तिसऱ्या कॅसेटवर आलोय. सालावरून त्यांचं आणि सासूबाईंचं जुंपलंय, तेव्हा तूर्त नावात साल रिकामं ठेवते.