झ्यूस, ज्यूस, झूस की दीआस? ग्रीक देवाचं नाव नक्की कसं म्हणायचं, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी आमच्या गावच्या वाचनालयात दर शनिवारी दुपारी मुलांना गोष्टी वाचून दाखवते, दुसरी ते सहावीची वीसेक मुलं येतात. गेल्या महिन्यापासून ग्रीक पुराणातल्या गोष्टी घेतल्यात आणि पहिल्याच देवाच्या नावाशी अडलेय. पुस्तकात 'झ्यूस' छापलंय, मी आपली झेंड्यातला झ लावून वाचत होते. गेल्या शनिवारी चौथीतल्या एका मुलाला वाचायला उभं केलं, त्याने 'ज्यूस' वाचलं आणि सगळी पोरं मोसंबी ज्यूस, ऊसाचा ज्यूस करत हसायला लागली. तो पुस्तक मिटून खाली बसला तो शेवटपर्यंत मान वर केली नाही. मला फार लागलं ते, कारण त्याला बरोबर काय ते सांगायला मलाच नीट माहीत नव्हतं.

घरी येऊन व्हिडिओ बघितले तर इंग्रजीत कोणी झूस म्हणतंय कोणी झ्यूस. धाकटा भाऊ मर्चंट नेव्हीत आहे, त्यांचं जहाज ग्रीसच्या पिरेअस बंदरात लागलं होतं तेव्हा त्याने तिथल्या एजंटलाच विचारलं, तर तो म्हणे आम्ही रोजच्या बोलण्यात झ्यूस म्हणतच नाही, आम्ही म्हणतो 'दीआस'. आता हे आणि कुठून आलं? एकाच देवाची दोन नावं का, नावाचा अर्थ काय, आणि मुलांना मी शनिवारी काय सांगू? कोणी नीट समजावून सांगेल का प्लीज.

वल्हं:
ताई, आधी उच्चाराचं बघू. मराठीत झ दोन प्रकारे म्हणतो आपण, झेंडा-झेलमधला वेगळा आणि झाड-झोप-झरामधला वेगळा. तुम्हाला झाडातला झ हवाय, फक्त थोडा हलका, हकार कमी. तो लावून झ्यूस म्हटलं की ब्रिटिश उच्चार झाला, य गाळून झूस म्हटलं की अमेरिकन. दोन्ही चालतात.
पण जुने ग्रीक स्वतः असं म्हणत नव्हते. अथेन्सच्या भरभराटीच्या काळात, म्हणजे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात, ते साधारण 'झ्देउस' असं म्हणायचे, ए आणि उ एका झटक्यात. हे कशावरून, तर 'अथेन्सकडे' या अर्थी त्यांचा शब्द आहे तो 'अथीनास' ला 'दे' जोडून बनलाय आणि त्यातले स आणि द मिळून ते हेच झचं अक्षर लिहितात. पुढे त्यातला द गळाला आणि नुसता झ राहिला.
तुमच्या भावाला सांगितलं तेही बरोबर आहे. फक्त त्या दीआसमधला द आपला दगडातला नाही, जिभेचं टोक दातांत धरून हवा सोडत म्हणायचा, इंग्रजीत 'दिस' म्हणताना होतो तसा. गुरू ग्रहालाही ते दीआसच म्हणतात.

पाटीपेन्सिल:
दोन नावं नाहीत हो ताई, एकच नाव आहे, विभक्ती बदलली की रूप बदलतं. प्रथमेला झेउस, षष्ठीला 'दिओस' म्हणजे झ्यूसचा, द्वितीयेला 'दिआ'. आजचं दीआस या दि- वाल्या रूपांवरून आलंय.
मी बरीच वर्षं संस्कृत शिकवलंय आणि हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपला 'दिव्' शब्द चालवून बघा, आकाश या अर्थाचा. प्रथमा द्यौः, चतुर्थी दिवे, षष्ठी दिवः. आता ग्रीककडे बघा, झेउस आणि दिओस, हे दिओस आधी 'दिवोस' होतं, मधला व नंतर गळाला. आणि हा व नुसता अंदाज नाही बरं का. ग्रीसमधल्या पिलोस गावी सव्वातीन हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्या सापडल्यात, मायकेल व्हेंट्रिस या इंग्रज वास्तुविशारदाने 1952 साली ती लिपी उलगडली, त्यात या देवाला काय अर्पण केलं त्याची नोंद आहे आणि तिथे सरळ 'दि-वे' लिहिलंय. झ्यूसला, चतुर्थी. आपलं दिवे!
ऋग्वेदात 6.51.5 मध्ये 'द्यौष्पितः' अशी हाक आहे, हे आकाशबापा. ग्रीक लोक हाक मारायचे 'झेउ पातेर'. रोमनांचा ज्युपिटर म्हणजे तेच दोन शब्द चिकटलेले.

धागा काढणारी:
बाई, वाचून अंगावर काटा आला. दोन शंका आहेत. द्यचा झ कसा काय होतो? आणि मग दिवा, दिवाळी हेही त्यातलेच का? ग्रीकमध्ये देवाला 'थेऑस' म्हणतात असं वाचलं, तो आणि आपला देव पण एकच असणार ना?

पाटीपेन्सिल:
पहिलं सोपं आहे, आपल्या तोंडातच आहे. संस्कृत अद्य, मराठीत आज. संस्कृत विद्युत्, मराठीत वीज. द आणि य एकमेकांना खेटले की जिभेला तो ज सोपा जातो, ग्रीकमध्येही तसंच काहीसं झालं, सुरुवातीला त्यांचाही उच्चार आपल्या विजेतल्या ज सारखाच असावा. विजेचाच देव तो, मुलांना हे उदाहरण पटकन कळेल.
दुसऱ्यात मात्र फसू नका. दिवा दीपकवरून आलाय, दिवाळी दीपावलीवरून, त्यांचा इथे संबंध नाही. दिवस आणि देव हे खरे भाऊबंद. थेऑस दिसायला जवळचा पण कुळ वेगळं.
अजून एक, नाव एक म्हणून देवही एकच असं सांगू नका मुलांना. आपल्याकडे द्यौस् मागे पडला, वज्र घेऊन ढगांशी लढतो तो इंद्र. तिकडे झ्यूसकडेच आकाश, पाऊस, वीज आणि वर राजेपण, सगळं गेलं.

शेवगा:
यात माझी छोटीशी भर. मध्य प्रदेशात विदिशाजवळ बेसनगरला हेलिओडोरसचा गरुडस्तंभ आहे, इ.स.पू. दुसऱ्या शतकातला. हा हेलिओडोरस म्हणजे तक्षशिलेचा ग्रीक राजदूत, राजा अँटिआल्किडसने पाठवलेला, स्वतःला भागवत म्हणवतो आणि वासुदेवासाठी स्तंभ उभारतो. ब्राह्मीत लिहिलंय 'दियस पुत्रेण', म्हणजे दिओनचा मुलगा, आणि दिओन हे नाव या झ्यूसवरूनच पडलेलं. त्या अँटिआल्किडसच्या नाण्यांवर सिंहासनावर बसलेला झ्यूस असतो, शेजारी हत्ती. नाण्याचा फोटो मोठा करून मुलांना दाखवा.

धागा काढणारी:
सगळ्यांचे मनापासून आभार, सगळं वहीत उतरवून घेतलंय. म्हणजे त्या मुलाने ज म्हटला तो अगदीच काही वाट चुकलेला नव्हता, हे सगळ्यांसमोर सांगणार आहे शनिवारी, फळ्यावर आज आणि वीज लिहून, आणि पहिलं पान त्यालाच वाचायला देणार. आता पुढच्या गोष्टीत झ्यूसची बायको येते, पुस्तकात 'हेरा' आहे पण व्हिडिओत हीरा म्हणतात, तिथे काय करू?

वल्हं:
छापलंय तसंच हेरा म्हणा, जुन्या उच्चाराच्या तेच जवळ आहे. फक्त 'हे' जरा लांबवा आणि तोंड थोडं जास्त उघडा. हीरा इंग्रजी वळणाचं आहे, आणि भावाने पिरेअसला विचारलं तर 'ईरा' ऐकू येईल, त्यांचा ह कधीच गेला.