हायड्रोजेल पार्टिकलवरचा कोड नीट वाचता येत नाहीये, मदत हवी आहे

पीईजी डायअ‍ॅक्रिलेट ७०० (यूव्ही प्रकाश पडला की घट्ट होऊन हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून ठेवणारं जेल, बनणारं रसायन) चे चपटे पार्टिकल बनवतोय, साधारण २०० बाय १०० मायक्रॉन, एका टोकाला कोडची भोकं आणि दुसऱ्या टोकाला डीएनए प्रोब (ठरावीक डीएनएलाच चिकटणारा तुकडा), म्हणजे एकाच नळीत चार-पाच टेस्ट एकत्र करता येतील आणि कुठला सिग्नल कुठल्या टेस्टचा ते भोकं मोजून कळेल. मिश्रणात २० टक्के डायअ‍ॅक्रिलेट, ४० टक्के पीईजी २००, ५ टक्के फोटोइनिशिएटर (यूव्ही पडल्यावर घट्ट होण्याची क्रिया सुरू करणारं रसायन), बाकी बफर. पीडीएमएस (सिलिकॉन रबर) लावलेल्या दोन काचांमध्ये मिश्रण घेऊन, फिल्म मास्क (पार्टिकलचा आकार छापलेली पारदर्शक फिल्म) ठेवून ३६५ नॅनोमीटरच्या यूव्ही एलईडीने प्रकाश मारतो.

घोळ असा की १५ मायक्रॉनची भोकं बुजतात, कडेने पातळ पापुद्रा धरतो, दुधावर साय धरते ना अगदी तसा. एक्सपोजर कमी केलं तर भोकं मोकळी होतात पण पार्टिकल लिबलिबीत होऊन धुतानाच जातात. फिल्मची इमल्शनची (छपाईच्या थराची) बाजू खाली करून पाहिली, थोडाच फरक पडला. आणि पार्टिकल उलटा पडला की कोड आरशातल्यासारखा दिसतो, सॉफ्टवेअर सरळ दुसरीच टेस्ट सांगतं (हे माझंच डिझाइन चुकलंय, एक कोपरा कापायचा ठरवलाय).

क्रोम मास्क (काचेवरचा जास्त बारीक मास्क) आणि मास्क अलायनर (मास्क नेमका बसवून प्रकाश देणारं मशीन) नाहीये, ते सुचवू नका प्लीज. प्रोबचा सिग्नल चांगला येतोय म्हणून मिश्रण फार बदलायचं नाहीये.

तर भोकं सरळ २५-३० मायक्रॉनची करू, का थोडा यूव्ही शोषणारा डाय घालू, आणि डाय घातला तर नंतर फ्लुओरेसन्स वाचताना बॅकग्राउंड वाढतो का?